डबा वेगळा ठेवला, पुढे काय?

वाचकाचे पत्र

मी ४७ वर्षांची आहे. मंगळवार पेठेत एका अपार्टमेंटमध्ये राहते आणि पतसंस्थेत नोकरी करते. गेली तीन वर्षे घरचा ओला आणि सुका कचरा मी न चुकता वेगळा ठेवते, मंडईला जाताना कापडी पिशव्या नेते आणि रविवारी मटणाचे पार्सल आणायचे असले, की तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी मुलाच्या हाती दोन किटल्या देते, कारण तो कढत रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत ओतून दोऱ्याने बांधलेला मला पाहवत नाही. गेल्या महिन्यात कचऱ्याच्या गाडीवरच्या टिपरवाल्याने माझे दोन्ही डबे माझ्यादेखत एकाच जागी ओतले. मी बोलले, तेव्हा तो टिपरवाला म्हणाला, “आक्का, पुढं जाऊन सगळं एकच हुतंय.” घरी येऊन हे सांगितले, तर मुलगा हसून म्हणाला, “आई, तुझ्या एका डब्यानं पंचगंगा साफ हुणार हाय व्हय?” शेजारच्या वहिनींना मी याच विषयावरून जिन्यात दोनदा सुनावले होते, त्या आता माझ्याशी बोलत नाहीत. त्या टिपरवाल्याची आठवण झाली, की आजही संताप होतो. सामान्य माणसाने रोजच्या छोट्या कृतींतून जग बदलावे, असे व्याख्यानांतून फार ऐकले आहे. ते खरे आहे, की तीन वर्षे मी स्वतःचीच समजूत घालत आले? हल्ली तो टिपरवाला आला, की डबे दारात ठेवून मी आत निघून येते.

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई,

तुमच्या मुलाचे गणित आधी मान्य करून टाकू, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचे पाणी घेऊन येणारी पंचगंगा शहराच्या कडेने वाहत पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि वाटेत नाल्यांमधून तिच्यात जे सांडपाणी उतरते, त्याचा तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्याशी फारसा संबंध नाही. तो प्रश्न सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा आहे, कारखान्यांतून सुटणाऱ्या पाण्याचा आहे, आणि मेथीचे देठ वेगळे ठेवून तो सुटायचा नाही. छोट्या कृतीच्या डोक्यावर साऱ्या जगाचे ओझे ठेवणारी व्याख्याने मलाही आवडत नाहीत. घरचा गळका नळ दुरुस्त करून घेणाऱ्याला ‘तू जग बदललेस’ असे सांगणे ही त्या माणसाची फसवणूक आहे. शिवाय ज्यांनी मोठी कामे करायची, त्यांची त्यात आयती सुटका होते, ते वेगळेच.

तेव्हा पंचगंगेचा हिशेब बाजूला ठेवू. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबलो, ते दुसरेच आहे. “पुढं जाऊन सगळं एकच हुतंय,” हे तुम्ही उर्मटपणा म्हणून ऐकलेत. मला ती माहिती वाटली. तो माणूस तुम्हाला सांगत होता, की तुमच्या हातून सुटलेली वस्तू नेमकी कोणत्या ठिकाणी वाया जाते. तीन वर्षांत हे तुम्हाला दुसऱ्या कोणीही सांगितले नव्हते, आणि तुम्हीही कोणाला विचारले नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे, की छोटी कृती बहुधा वाया जाते ती पलीकडून तिला घ्यायला हात नसल्यामुळे. तिचा आकार हे त्याचे कारण क्वचितच असते. तुमची स्वतःची कडी घट्ट आहे. पुढची कडी कुठे आहे, हे पाहायला तुम्ही अजून घराबाहेर पडलेल्या नाहीत.

होळीचेच उदाहरण घ्या. पेठापेठांतून, गल्लीगल्लीतून होळ्या पेटायच्या आणि प्रत्येक होळीत शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, रास जळायची. ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ हे आवाहन कोल्हापुरात रुजले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मंडळे आणि तालमी होळी लहान करून उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला देतात, जिथे महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. आता घरातून पाच शेणी आणून देणाऱ्या पोराने असे काय मोठे केले? हिशेबाने पाहिले, तर काहीच नाही. एका चितेला पाच शेणी कुठे पुरतात! परंतु त्या पाच शेणींना जायला ठिकाण आहे, त्या नेणारा टेम्पो आहे, तिथे उतरवून रचून ठेवणारी माणसे आहेत, आणि ज्याला त्यांची गरज कधीच पडणार नाही, असे एकही घर या शहरात नाही. हेच आवाहन शेणी कुठे द्यायच्या हे न ठरवता केले असते, तर दोन वर्षे चार उत्साही घरांनी शेणी वाचवल्या असत्या, त्या माळ्यावर वाळवी लागून गेल्या असत्या, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यापैकीच कोणीतरी मला तुमच्यासारखे पत्र लिहिले असते.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. चपात्या नासवून आलेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हीही पाहिला असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या वेळी पाणी त्यांच्याही कितीतरी वर गेले, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी अनेक दिवस बंद राहिला आणि शहरात दूध, पेट्रोल, भाजी यांचा तुटवडा झाला. आमच्या भागातल्या एका तालमीत पूरग्रस्तांसाठी घराघरांतून चपात्या येऊ लागल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, जुन्या पंचात बांधलेल्या, कुणी चक्क उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात घालून आणलेल्या. प्रत्येक घरची चपाती निराळी होती: एखादी घडीची आणि तेल लावलेली, एखादी फुलक्यासारखी पातळ, तर एखादी कडेला जाड आणि मध्ये करपलेली, जी पाहून लाटणारीचे वय सांगता यावे. मी आणि आणखी तिघे जण त्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधत होतो. संध्याकाळपर्यंत एवढ्या जमल्या, की तळाच्या गठ्ठ्यांना वाफेने पाणी सुटले आणि त्यांना आंबूस वास येऊ लागला. गरम चपात्या निवू न देता कागदात गुंडाळल्या की असेच व्हायचे, हे आम्हा चौघा पुरुषांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. त्याच वेळी निवारा केंद्राकडून निरोप आला, की चपात्या पुष्कळ झाल्या, पण तान्ह्या मुलांना दूध नाही, बायकांना पॅड नाहीत आणि अंगावर घ्यायला कोरडे पांघरूण नाही.

शंभरावर चपात्या आम्ही गुरांना घातल्या. त्यातल्या वीस माझ्या पत्नीने लाटलेल्या होत्या आणि त्यांचे काय झाले, हे मी तिला पुढे बरेच दिवस सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या एका निवृत्त बाई बालवाडीचा फळा घेऊन आल्या. त्यांनी तो तालमीच्या दाराशी टेकवला आणि खडूने लिहिले, ‘आज चपात्या नकोत. दूध पावडर, पॅड, चादरी हव्यात. चार वाजता गाडी निघेल.’ दुपारी त्यांनी ते पुसून नवे लिहिले. त्या फळ्यामुळे कोणाच्या मनात जास्त दया उत्पन्न झाली असे नाही; दया आदल्या दिवशीही तेवढीच होती आणि तिची आमच्यादेखत नासाडी झाली होती. बाईंनी एवढेच केले, की पलीकडे कशाची गरज आहे आणि गाडी किती वाजता निघणार, हे अलीकडच्या माणसाला कळवले. स्वतः त्यांनी त्या आठवड्यात एकही चपाती लाटली नाही, असे त्यांची सूनच हसत सांगत असे.

ताई, तुम्ही तीन वर्षे चपात्या लाटत आहात. आता फळ्याकडे वळायला हवे.

आधी कचऱ्याचेच बोलू, कारण तिथे लगेच करता येण्याजोगे पुष्कळ आहे. घरच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाग ओल्याचा असतो. तो सुक्यात मिसळला, की दोन्हींचे नुकसान होते: कागद आणि पुठ्ठा भिजून कवडीमोल होतात, आणि ओले पदार्थ ढिगाखाली हवेविना कुजून त्यांतून मिथेन वायू सुटतो. हा निम्मा भाग टिपरपर्यंत जाऊच दिला नाही, तर तिथे काय कशात मिसळले जाते, या प्रश्नाची धारच बोथट होते. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या, तिला तळाशी आणि बाजूंना भोके पाडून घ्या, तळात वाळलेल्या पाल्याचा चांगला वीतभर थर द्या, आणि रोजचा ओला कचरा बारीक करून टाकल्यावर त्यावर मूठभर वाळका पाला किंवा नारळाचा भुसा पसरा. सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडले, की काम लवकर सुरू होते. आठवड्यातून दोनदा हलवा. वास आला, तर ओल जास्त झाली आहे असे समजून आणखी पाला घाला. दोनेक महिन्यांत मातीसारखे खत तयार होते. रविवारची हाडे आणि तेलकट रस्सा मात्र त्यात टाकू नका, नाहीतर घुशी आणि मांजरे तुमच्या गॅलरीत संमेलन भरवतील. ते टिपरलाच द्या.

सुक्या कचऱ्यातल्या बाटल्या, पुठ्ठा, वर्तमानपत्रे आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्या यांना बाजार आहे. तुमच्या गल्लीतून भंगारवाला जात असेल किंवा कचरा वेचणारी एखादी बाई येत असेल. तिला महिन्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी, स्वच्छ आणि कोरडे सामान द्या. तिला ते उकिरड्यातून उपसावे लागणार नाही आणि भावही बरा मिळेल. एवढे झाले, म्हणजे टिपरमध्ये तुमच्या घरचे जे जाईल, ते मूठभरच असेल.

आणि मग वॉर्डाच्या कार्यालयात जायला हवे. घरात कचरा वेगळा करून देणे हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकांचे कर्तव्य ठरवले, तसेच तो वेगळाच उचलून नेणे हे स्थानिक संस्थेचे. तुम्ही तुमची बाजू तीन वर्षे पाळली आहे. दुसऱ्या बाजूबद्दल लेखी विचारण्याचा अधिकार तुमच्याइतका क्वचितच कोणाला असेल. फक्त एकट्या जाऊ नका.

एकटीने का जायचे नाही, हे सांगायला मला शंभर वर्षे मागे जावे लागेल. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची हकिकत तुम्हाला ठाऊक असेल. कोल्हापुरात ती अजून सांगितली जाते. दरबारच्या पागेत नोकरीला असताना, इतरांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले, आणि त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. मालक कोण आहे हे कळल्यावर मात्र गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा मागवू लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा हा राजा. लेखणीच्या एका फटकाऱ्यात ज्याला एवढे करता येत होते, त्याला भर रस्त्यात गाडी उभी करून एक कप चहा पिण्याची गरज का वाटली? हुकूम काढून पोराला शाळेत बसवता येते, पण हॉटेलच्या बाकावर माणसाला बसवता येत नाही, हे त्यांना पक्के कळले होते.

या हकिकतीत आपण नेहमी महाराजांकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण मला स्वतःला कुतूहल आहे ते दुसऱ्याच एका माणसाचे. महाराजांची गाडी निघून गेल्यावर, कोणाची सक्ती नसताना, कोणी पाहत असले तर पाहू दे म्हणून जो पहिला साधा माणूस त्या हॉटेलात शिरला असेल, एक चहा मागवून बाकावर बसला असेल आणि बशी ओठांना लावली असेल, तो कोण होता? एखादा पेंढी विकायला आलेला शेतकरी, एखादा कारकून, की शेजारच्या दुकानातला गडी? त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. राजाने प्यायलेला चहा ही राजाची मर्जी मानता येते. त्या माणसाचा चहा तशी सबब सांगून बाजूला सारता येत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ जो दुसरा शिरला, त्याला तर पहिल्याच्या निम्मेही धैर्य लागले नसेल.

ही नुसती माझी कल्पना नव्हे. सोलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत काही प्रयोग केले. एका खोलीत काही जणांना बसवून कागदावरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, असे विचारायचे; उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारे. मात्र खोलीतला एकच माणूस खरा, बाकीचे आधी ठरवून चुकीचे उत्तर देणारे. अशा वेळी त्या एकट्या माणसाने साधारण एक तृतीयांश वेळा आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून सगळ्यांच्या चुकीला मान डोलावली. परंतु त्या घोळक्यात बरोबर उत्तर देणारा अवघा एक सोबती ठेवला, तेव्हा हे मान डोलावणे जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले. बहुमत तसेच होते. बदल झाला तो एका माणसाचा. तुमच्या अपार्टमेंटमध्ये तुम्हाला असा एक सोबती हवा आहे, आणि दुर्दैवाने ती जागा भरण्यास सर्वांत योग्य असलेल्या वहिनींना तुम्ही जिन्यात सुनावून बसलात.

याबद्दल थोडे कडक बोलतो, रागावू नका. तुम्ही वहिनींना नेमके काय बोललात, हे पत्रात नाही, तरी मी अंदाज करू शकतो: “या बिल्डिंगमध्ये कुणालाच काही पडलेली नाही.” आपण सगळेच असे बोलतो. गंमत अशी, की ‘कोणीच करत नाही’ असे ऐकणाऱ्याला त्यातून ‘मग मीही केले नाही तरी चालते’ एवढेच कळते. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याविषयी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या होत्या. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पर्यावरण वाचवा असे सांगणाऱ्या चिठ्ठीपेक्षा, इथे राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, असे सांगणारी चिठ्ठी जास्त उपयोगी ठरली, आणि ‘याच खोलीत राहून गेलेल्या’ असे म्हटल्यावर आणखीच जास्त. तुमच्या मजल्यावर दोन घरे जरी कचरा वेगळा ठेवत असतील, तरी ‘दोन घरांत सुरू झाले आहे’ असे सांगा. ते खरे आहे, आणि उपदेशापेक्षा ते ऐकायला सोपे जाते.

वहिनींकडे मात्र हे घेऊन जाऊ नका. एक वाटी काहीतरी घेऊन जा, जिन्यातल्या बोलण्याबद्दल चुकले म्हणा आणि कचऱ्याचा विषय त्या दिवशी काढूच नका. कुंडीतल्या मोगऱ्याला तुमच्या बादलीतले खत पडले आणि त्याला कळ्या धरल्या, की विषय त्याच काढतील. नाही काढला, तरी शेजार परत मिळाला, हे काय थोडे झाले? कचरा वेगळा ठेवणाऱ्या घराशी बोलणे बंद झाले, तर बिल्डिंग त्यातून काय शिकते, याचा विचार करून पाहा.

रश्श्याच्या किटल्यांविषयी तुम्ही फक्त एका वाक्यात लिहिले आहे, पण तुमच्या सगळ्या कृतींत मला ती सर्वांत ताकदीची वाटते. डबा बंद दाराआड भरतो. किटली मात्र रविवारी सकाळी अकरा वाजता, पार्सलच्या रांगेत उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या समोर काउंटरवर ठेवली जाते. ती तुम्ही मुलाच्या हाती पाठवता, म्हणजे एका तरण्या पोराने स्टीलची किटली घेऊन मित्रांच्या देखत रांगेत उभे राहायचे. तो तुम्हाला हसला खरा, पण तीन वर्षे तो किटल्या नेतो आहे, हे तुमच्या लक्षात आले आहे का? एकदा तुम्ही स्वतः जा आणि गर्दी ओसरल्यावर मालकाशी बोला. ‘भांडे आणणाऱ्यास पळीभर रस्सा जादा’ अशी पाटी लावता येईल का, एवढेच विचारा. पिशव्या आणि दोरा त्याला विकतच आणावे लागतात, त्यामुळे यात त्याचाही तोटा नाही. आणि पळीभर पांढऱ्या रश्श्यासाठी कोल्हापूरचा माणूस घरून घागरसुद्धा आणील, याबद्दल मला शंका नाही.

काही गोष्टी मात्र किटलीने किंवा चहाच्या कपाने पुऱ्या होत नाहीत. त्या चारचौघांत मांडून, ठराव करून, कागदावर उतरवाव्या लागतात. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ते केले. पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा बंद कराव्यात, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने मंजूर केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावाने प्रथा लगेच मरते असे कोणी समजू नये. सासूचा हात कुंकवाकडे जातो, तेव्हा तिथे सरपंच उभा नसतो. पण त्याआधीही अशा कितीतरी आया, बहिणी आणि नणंदा असतील, ज्यांनी आपल्या घरी, दार लावून, बांगड्या फोडू दिल्या नसतील. ते धैर्य त्या घरातच राहिले. ठराव झाल्यावर दुसऱ्या घरातल्या बाईला ‘गावाने ठरवले आहे’ असे म्हणता येऊ लागले, आणि वादाच्या वेळी हे तीन शब्द किती कामाचे असतात, ते ज्या बाईला म्हणावे लागतात तिलाच विचारा.

तुमच्या अपार्टमेंटची वर्षातून एकदा तरी सभा होत असेल. वॉर्डाच्या कार्यालयात द्यायच्या पत्रावर एका सहीऐवजी सोसायटीचा ठराव जोडला, तर त्याची आवक-नोंद वेगळी होते आणि उत्तरही वेगळे येते. पत्रात तक्रार कमी आणि मागणी नेमकी ठेवा: सुक्या कचऱ्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा, त्या दिवशी टिपरने ओला घेऊ नये. दर आठवड्याचा एक वार मागणे हे ‘शहर स्वच्छ करा’ म्हणण्यापेक्षा फार लहान आहे, आणि म्हणूनच अधिकाऱ्याला ‘हो’ म्हणणे शक्य आहे. पत्राची पोच घ्या. महिन्याने पुन्हा जा. दुसऱ्या खेपेला जाणारी माणसे फार थोडी असतात, आणि टेबलापलीकडच्या माणसाला हे चांगले ठाऊक असते.

यातले काहीच जमले नाही तर? तीही शक्यता आहे, आणि मी ती तुमच्यापासून लपवणार नाही. वहिनी बोलणार नाहीत, मालक पाटी लावणार नाही, पत्राला उत्तर येणार नाही. तसे झाले, तरी तुमच्या घरच्या निम्म्या कचऱ्याचे खत झालेले असेल आणि एका बाईला महिन्यातून दोनदा कोरडा पुठ्ठा मिळत असेल. यावर ‘जग बदलले’ अशी पाटी लावता येणार नाही. लावायचीही नाही.

मुलाशी वाद घालू नका. बादलीला भोके पाडायचे काम त्याच्याकडे द्या. ड्रिल मशीन हातात आले, की त्या वयाच्या मुलांचे तत्त्वज्ञान थोडा वेळ बाजूला पडते.

शेवटी एक गोष्ट, जी खरे तर पहिली करायची आहे. तुमच्या पत्रात त्या कर्मचाऱ्याचा उल्लेख चार वेळा आला आहे आणि चारही वेळा तो ‘टिपरवाला’ एवढाच आहे. तीन वर्षे जो माणूस तुमच्या दारातून रोज तुमच्या हातची वस्तू घेऊन जातो, त्याचे नाव तुम्हाला ठाऊक नाही. उद्या सकाळी टिपरचे गाणे वाजले, की डबे दारात ठेवून आत जाऊ नका. खाली उतरा. त्याचे नाव विचारा, आणि मग ‘पुढे’ म्हणजे नेमके कुठे, गाडीत वेगळा खण आहे की नाही, वेगळे ठेवलेले वेगळे नेण्यात त्याची अडचण काय आहे, हे त्याच्याकडूनच समजून घ्या. त्याच्या हाताखाली अजून कितीतरी गल्ल्या असतात, त्यामुळे त्याला वेळ फार नसतो. दोन मिनिटांत जेवढे कळेल तेवढे घ्या, आणि राहिलेले परवा विचारा.

तुमचा,
सदरलेखक